कात्री लागली की डोळा उघडतो

गुलाबाची एक जुनी फांदी हातात धरा आणि पान जिथून गळून गेलं ती जागा नीट बघा. चंद्रकोरीसारखा एक व्रण दिसेल, आणि त्याच्या लगेच वर गव्हाच्या दाण्याहूनही लहान, तांबूस, टोकदार फुगवटा. माळी त्याला डोळा म्हणतात. नाव चपखल आहे, कारण तो बहुतेक वेळ मिटलेलाच असतो. भिंगातून पाहिलं तर एकावर एक चढलेले खवले दिसतात. पुढच्या फांदीची पहिली काही पानं त्यांच्या आत घडी घालून ठेवलेली असतात.

हातभर फांदीवर असे दहा-बारा डोळे सहज मिळतात. वसंत आला, ऊन वाढलं, माती ऊबदार झाली, तरी फुटतात ते वरचे दोन-तीनच. बाकीचे झोपलेले. छाटणीचं सगळं शास्त्र या झोपेभोवती फिरतं.

झोपवणारा असतो शेंडा. वाढत्या शेंड्यात ऑक्सिन नावाचं संप्रेरक तयार होतं आणि फांदीतून खाली उतरत राहतं. १९३३ च्या सुमारास केनेथ थिमान आणि फोक स्कूग यांनी घेवड्याच्या जातीतल्या एका रोपाचा शेंडा उडवला. खालचे डोळे फुटायला लागले. मग दुसऱ्या रोपांचा शेंडा उडवून त्या जागी ऑक्सिन लावलं, तर डोळे मिटलेलेच राहिले. शेंडा नसतानाही त्याचा हुकूम चालू राहिला! गंमत म्हणजे हे ऑक्सिन डोळ्याच्या आत शिरतच नाही. ते फक्त शेजारून वाहत जातं आणि बाकीच्या संप्रेरकांचा तोल सांभाळतं. त्यातलं सायटोकायनिन डोळ्याला जागं करतं, तर स्ट्रायगोलॅक्टोन झोपवतं.

अनेक वर्षं गोष्ट इथंच संपायची. पण एक हिशेब जुळत नव्हता. ऑक्सिन खाली उतरतं ते तासाला साधारण एक सेंटिमीटर या गोगलगायीच्या चालीनं, आणि शेंड्यापासून बरेच लांब असलेले डोळे मात्र त्याआधीच हलायला लागतात. २०१४ मध्ये वाटाण्यावरच्या प्रयोगांतून उत्तर मिळालं, आणि ते अगदी घरगुती आहे: साखर. शेंडा हा घरातला खादाड पोरगा. पानांनी केलेली साखर तोच ओढून घेतो. त्याला उडवलं की तीच साखर काही तासांत खालच्या डोळ्यांपर्यंत पोचते. शेंडा न तोडता रोपाला नुसती साखर पुरवली, तरीही डोळे फुटले.

गुलाबाची आणखी एक अट असते, उजेडाची. फांदी छाटली आणि झाड पूर्ण अंधारात ठेवलं, तर डोळे उघडत नाहीत. झुडपाच्या मध्यातल्या एकमेकींत अडकलेल्या फांद्या काढून ते वाडग्यासारखं मोकळं करायला सांगतात, त्यामागचं एक कारण हेच. दुसरं कारण वाऱ्याचं, त्याकडे येतोच.

म्हणून छाटताना बाहेरच्या बाजूला बघणारा डोळा निवडायचा आणि त्याच्या अर्धा सेंटिमीटर वर कापायचं. फार वर कापलं तर उरलेला खुंटा वाळतो. अगदी खेटून कापलं तर डोळाच सुकतो. काप तिरका असावा, पाणी ओघळून जावं, असंही सांगतात. माझं प्रामाणिक मत विचाराल तर त्या तिरकेपणापेक्षा कात्रीची धार शंभर पटीनं महत्त्वाची. बोथट कात्री फांदी कापत नाही, चेंगरते. आणि चेंगरलेली फांदी वरून खाली काळी पडत जाते.

एक आडवाट. गुलाबाचा काटा अंगठ्यानं बाजूनं दाबा. तो कट्‌कन निघून येतो आणि खाली गुळगुळीत डाग राहतो. लिंबाचा काटा असा निघणार नाही, कारण त्याचे धागेदोरे आतल्या लाकडाशी जोडलेले असतात. गुलाबाचा काटा म्हणजे फक्त सालीची वाढ. २०२४ मध्ये असं दिसलं की गुलाबात आणि वांग्यात असे काटे येण्यामागे एकाच कुटुंबातली जनुकं आहेत, आणि ती काम करतात सायटोकायनिन बनवण्याचं. डोळ्याला जागं करणारं संप्रेरकच काटाही घडवतं.

डोळे फुटले की आठवड्याभरात कोवळे, लालसर धुमारे दिसतात. आणि त्यांच्यावर मावा. काल एक कीड होती, आज पन्नास कुठून आल्या, असं वाटतं ते उगाच नाही. वसंतातल्या मादीला नराची गरज नसते. ती अंडी न घालता थेट पिल्लं देते, आणि जन्मणाऱ्या पिल्लाच्या पोटात पुढच्या पिढीची घडण सुरू झालेली असते. आजी, आई, नात एकाच अंगात. पिल्लू आठवडा-दहा दिवसांत स्वतः आई होतं. नत्राचं खत ढिगानं घातलेल्या झाडावर मावा जास्त रमतो, कारण तिथला रस त्याला अधिक पौष्टिक. पाण्याचा जोरदार फवारा मारून तो खाली पाडावा. सोंड पानात रुतवून बसलेला मावा बहुधा परत चढत नाही. औषध मारण्याआधी पान उलटून बघा. काळी, नारिंगी ठिपक्यांची, मगरीसारखी दिसणारी अळी सापडली तर हात आवरा. ती ढालकिड्याची अळी असते, आणि ती मावाच खाते.

आता वाऱ्याकडे. झुडूप मोकळं असलं की वारा आत खेळतो आणि ओली पानं लवकर वाळतात. पानांवर काळे, झालरीसारख्या कडांचे ठिपके पाडणाऱ्या बुरशीचा बीजाणू रुजायला पान सलग सातेक तास ओलं लागतं. संध्याकाळी पानांवर पाणी मारणं म्हणजे रात्रभर तिला अंथरूण घालून देणं. पाणी सकाळी, बुंध्याशी द्यावं. भुरीचं मात्र उलटं. पिठासारखी दिसणारी ती बुरशी कोरड्या पानावरही खुशाल रुजते. तिला आवडते ती कोंदट हवा.

सगळ्यात महागात पडलेली माझी चूक राहिलीच. भिंतीवर चढवलेल्या एका जुन्या वेली गुलाबाला मी वसंताच्या तोंडावर नियमानं छाटलं. धुमारे असे आले की बघत राहावं. फूल एकही नाही. सतत फुलणाऱ्या गुलाबांमध्ये बहर रोखणारं एक जनुक बिघडलेलं असतं. डीएनएचा एक उड्या मारणारा तुकडा त्यात घुसून बसलाय. हे बिघडलेलं जनुक चीनमधल्या गुलाबांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात आणलं, आणि आजच्या बहुतेक बागेतल्या गुलाबांना ते त्यांच्याकडूनच मिळालं. माझ्या वेलीत ते धडधाकट होतं. असे गुलाब वर्षातून एकदाच, गेल्या वर्षीच्या फांद्यांवर फुलतात, आणि त्याच मी कापून टाकल्या होत्या. अशांची छाटणी बहर संपल्यावर करायची. मी पुढचं अख्खं वर्ष कात्री आत ठेवून दिली.