जो लॅपचिक

लॅपचिक, जो : (१२ एप्रिल १९००–१० ऑगस्ट १९७०). व्यावसायिक बास्केटबॉलच्या आरंभकाळातील अमेरिकन खेळाडू व पुढे नामवंत प्रशिक्षक. जन्म न्यूयॉर्क राज्यातील याँकर्स येथे, चेक स्थलांतरित कुटुंबात. शाळा लवकर सुटली आणि किशोरवयातच ते पैसे घेऊन खेळू लागले. तेव्हा खेळाडू एकाच संघाशी बांधलेला नसे. जो व्यवस्थापक जास्त पैसे देईल, त्या रात्री त्याच्याकडून खेळायचे, असा रिवाज होता.

सहा फूट पाच इंच उंची हे त्यांचे भांडवल. त्या काळी प्रत्येक बास्केटनंतर चेंडू मध्यवर्तुळात आणून दोन्ही सेंटरांमध्ये (सेंटर म्हणजे संघातील सहसा सर्वांत उंच, मध्यवर्ती खेळाडू) उडवला जाई. उडी जिंकणारा सेंटर असला, की गुण मिळवूनही चेंडू पुन्हा आपल्याच हाती येई. १९२३ मध्ये ते न्यूयॉर्कच्या ओरिजिनल सेल्टिक्समध्ये आले (आजच्या बॉस्टन सेल्टिक्सशी त्याचा संबंध नाही). अमेरिकन बास्केटबॉल लीगमध्ये १९२७ व १९२८ ची विजेतेपदे या संघाने इतक्या सहज जिंकली, की अखेर संघच मोडला गेला. लॅपचिक क्लीव्हलंड रोझेनब्लम्सकडे गेले आणि पुढची दोन विजेतेपदेही तिकडेच गेली. कृष्णवर्णीयांच्या न्यूयॉर्क रेन्स संघाशी सेल्टिक्सचे सामने गाजत. सामन्यापूर्वी लॅपचिक रेन्सच्या टार्झन कूपरला मिठी मारीत, असे त्यांचा मुलगा रिचर्ड सांगतो. वर्णभेदाच्या त्या दिवसांत ही साधी गोष्ट नव्हती.

१९३६ मध्ये, स्वतः कॉलेजात न शिकलेले लॅपचिक सेंट जॉन्स विद्यापीठाचे प्रशिक्षक झाले. १९४३ व १९४४ ची नॅशनल इन्व्हिटेशन टूर्नामेंट ही कॉलेज संघांची स्पर्धा त्यांच्या संघाने लागोपाठ जिंकली. १९४७ ते १९५६ या काळात ते न्यूयॉर्क निक्स या व्यावसायिक संघाचे प्रशिक्षक होते. तिथे १९५१ ते १९५३ अशी सलग तीन वर्षे संघ एनबीए या व्यावसायिक लीगच्या अंतिम फेरीत पोहोचला आणि तिन्ही वेळा हरला. पहिल्या दोन मालिका तर सातव्या सामन्यापर्यंत लांबल्या होत्या. तरी निक्समधील त्यांची खरी कामगिरी जयपराजयात मोजता येत नाही. त्यांच्याच कारकीर्दीत, १९५० मध्ये, हार्लेम ग्लोबट्रॉटर्स या कृष्णवर्णीयांच्या प्रदर्शनी संघातील नॅट क्लिफ्टन निक्समध्ये आला, तो एनबीएतील पहिल्या कृष्णवर्णीय खेळाडूंपैकी एक.

१९५१ मध्ये कॉलेज बास्केटबॉलमधील सट्टेबाजीचे प्रकरण उघडकीस आले. त्याच्या बातम्यांची कात्रणे लॅपचिक यांनी एका वहीत चिकटवून ठेवली आणि सेंट जॉन्सला परतल्यावर (१९५६) ती आपल्या खेळाडूंना वाचायला लावली. उपदेशापेक्षा हा मार्ग बरा.

१९५९ मध्ये नॅशनल इन्व्हिटेशन टूर्नामेंट त्यांनी पुन्हा जिंकली. १९६५ मध्ये वयाच्या नियमानुसार सक्तीने निवृत्त होताना अखेरच्या सामन्यात व्हिलानोव्हाला हरवून चौथ्यांदा. पुढच्याच वर्षी बास्केटबॉल हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला, तो मात्र खेळाडू म्हणून.