२,१४,७४,८३,६४७ (मूळ संख्या)

दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. २ च्या ३१व्या घातातून १ वजा केल्यावर येणारी ही संख्या मूळ आहे. या रूपाच्या मूळ संख्यांना मर्सेन मूळ संख्या म्हणतात. ही त्यांतली आठवी. फक्त ० आणि १ वापरणाऱ्या द्विमान पद्धतीत ती ओळीने ३१ वेळा १ लिहून मांडतात.

मूळ असणे म्हणजे काय, हे विदर्भात संत्र्याच्या बागेवरून लवकर कळते. वरूड-मोर्शीकडे सहा बाय सहा मीटरवर लावणी करायची तर हेक्टरी २७७ झाडे धरतात. २७७ मूळ आहे, म्हणून एवढी झाडे सारख्या ओळींत लावता येत नाहीत. सगळी एकाच ओळीत घ्यावी लागतात. एक झाड वाढवले की १३९ च्या दोन ओळी होतात. २७७ ची खात्री करायला १३ पर्यंतच्या सहा मूळ संख्यांनी भागून पाहणे पुरते. आपल्या संख्येचे वर्गमूळ मात्र ४६,३४० च्या पुढे जाते. तिथपर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येने भागायचे तर हजारो भागाकार होतील.

१७७२ मध्ये गणितज्ञ लेओनार्ट ऑयलरने ते टाळले, आणि तेही दृष्टी जवळजवळ गेलेली असताना. या संख्येला विभाजक मूळ संख्या असलीच, तर तिला २४८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ६३ च उरली पाहिजे, हे त्याने ओळखले. मग तपासायला पहिली येते ३११, दुसरी थेट १३०३. हजारोंचे काम ३७२ भागाकारांच्या आत आले. पुढे कित्येक दशके या संख्येहून मोठी मूळ संख्या कोणाला माहीत नव्हती.

मर्सेन रूपाच्या संख्या तपासण्याची नंतरची ल्युका-लेमर कसोटी आणखी देखणी आहे. ४ पासून सुरुवात करायची, वर्ग करून २ वजा करायचे, तपासायच्या संख्येने भागून बाकी घ्यायची आणि तेच पुन्हा करायचे. ३१ साठी, म्हणजे २ च्या ५व्या घातातून १ वजा केलेल्या संख्येसाठी, क्रम येतो ४, १४, ८, ०. शेवटी शून्य, म्हणजे ३१ मूळ. खेड्यातल्या जिल्हा परिषद शाळेतही हे फळ्यावर चार ओळींत मावते आणि पाचवी-सहावीच्या मुलांना जमते. ते जरूर करून घ्यावे. पायऱ्या घातापेक्षा दोनने कमी असतात, म्हणून आपल्या संख्येसाठी हीच पायरी २९ वेळा करावी लागते.

या संख्येला २ च्या ३०व्या घाताने गुणले की २३०५८४३००८१३९९५२१२८ ही आठवी परिपूर्ण संख्या मिळते. तिचे स्वतःखेरीज सर्व विभाजक मिळवले तर बेरीज तीच येते.

संगणकात ३२ बिटांच्या (० किंवा १ च्या ३२ घरांच्या) चिन्हांकित, म्हणजे धन-ऋण दोन्ही असू शकणाऱ्या, पूर्णांकाची कमाल मर्यादाही हीच. त्यामुळे १९७० पासूनचे सेकंद अशा जागेत साठवणाऱ्या जुन्या प्रणालींचे घड्याळ १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ८:४४:०७ नंतर चुकेल.

आपल्या संख्येत घात म्हणून आलेली ३१ ही स्वतः मर्सेन मूळ संख्या आहे. म्हणून २ च्या २,१४,७४,८३,६४७व्या घातातून १ वजा केल्यावरही मूळ संख्याच येईल, असे वाटणे साहजिक आहे. तसे होत नाही. त्या प्रचंड संख्येला २९५२५७५२६६२६०३१ ने निःशेष भाग जातो.