मिसिसिपी स्टेट विद्यापीठाच्या बेसबॉल संघाचा २०२२ चा हंगाम

अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातील स्टार्कव्हिल येथील मिसिसिपी स्टेट विद्यापीठाच्या बेसबॉल संघाचा राष्ट्रीय विजेतेपदानंतरचा पहिला हंगाम. ३० जून २०२१ रोजी या संघाने नेब्रास्का राज्यातील ओमाहा येथे कॉलेज वर्ल्ड सिरीज, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेचा दरवर्षी तिथेच होणारा शेवटचा टप्पा, जिंकली. पुढच्या वर्षी त्याने ५६ सामने खेळून २६ जिंकले आणि ३० हरले. साउथईस्टर्न कॉन्फरन्स (एसईसी) या आपल्या गटात त्याच्या खात्यावर ९ विजय आणि २१ पराभव जमा झाले. त्या वेळी गटातल्या १४ संघांपैकी १२ संघांना मोसमाअखेरच्या स्पर्धेत प्रवेश मिळत असे. विजेत्यांना तोही मिळाला नाही. साहजिकच ६४ संघांच्या राष्ट्रीय स्पर्धेचे दारही बंद झाले. या घसरगुंडीचे खापर बहुतेकदा ‘यश डोक्यात गेले’ या सबबीवर फोडले जाते. हंगामाचा तपशील पाहिला की ती सबब फार टिकत नाही. डोक्यापेक्षा कोपराचा भाग त्यात मोठा होता, आणि त्याहून मोठा होता तो अमेरिकन महाविद्यालयीन बेसबॉलच्या वेळापत्रकाचा.

विजेतेपद

मिसिसिपी स्टेट हे १८७८ मध्ये शेतकी व यांत्रिकी महाविद्यालय म्हणून स्थापन झालेले सरकारी विद्यापीठ. खेळाडूंना ‘बुलडॉग्ज’ म्हणतात, रंग मरून. बेसबॉलचे वेड इथे जुने आहे. रॉन पोक या प्रशिक्षकाच्या काळात, १९८५ साली, विल क्लार्क आणि राफाएल पाल्मेरो ही पुढे व्यावसायिक बेसबॉल गाजवणारी जोडी एकाच संघात होती; तरी विजेतेपद हाती लागले नाही. २०१३ मध्ये संघ अंतिम फेरीत पोचला आणि लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाकडून (यूसीएलए) हरला. २०१८ आणि २०१९ मध्येही ओमाहा गाठून तो रिकाम्या हाताने परतला. २०२१ ची ही त्याची ओमाहाची बारावी वारी होती.

अंतिम फेरीत तीनपैकी दोन सामने जिंकावे लागतात. समोर व्हँडरबिल्ट विद्यापीठ होते, म्हणजे एका अर्थाने गतविजेतेच: त्यांनी २०१९ ला चषक जिंकला होता आणि कोविडमुळे १२ मार्च २०२० रोजी त्या वर्षीची स्पर्धाच रद्द झाल्यामुळे तो दोन वर्षे त्यांच्याकडेच राहिला. पहिला सामना व्हँडरबिल्टने ८–२ असा घेतला, दुसरा मिसिसिपी स्टेटने १३–२ असा. निर्णायक सामन्यात विल बेडनार या पिचरने (चेंडू टाकणाऱ्याने) अवघ्या तीन दिवसांच्या विश्रांतीनंतर सहा डाव टाकले आणि प्रतिस्पर्ध्यांना एकही हिट (चेंडू मारून तळ गाठणे) मिळू दिली नाही. उरलेले तीन डाव लँडन सिम्सने संपवले. सामना ९–० असा सुटला. हरलेल्या बाजूकडून चेंडू टाकायला उतरला होता कुमार रॉकर, आईकडून भारतीय वंशाचा असलेला आणि त्या काळातील महाविद्यालयीन बेसबॉलमधला सर्वांत चर्चेतला पिचर. विद्यापीठाच्या कोणत्याही सांघिक खेळातले हे पहिले राष्ट्रीय विजेतेपद. बेडनार स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

संघ का टिकत नाही

इथे थोडे थांबून व्यवस्था समजून घ्यायला हवी, कारण भारतीय वाचकाला ती अपरिचित असते. चार वर्षांच्या महाविद्यालयात गेलेला खेळाडू सामान्यतः तिसरे वर्ष पूर्ण झाल्यावर किंवा वयाची २१ वर्षे झाल्यावर व्यावसायिक संघांच्या ड्राफ्टसाठी, म्हणजे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या प्रक्रियेसाठी, पात्र होतो. म्हणजे जो मुलगा संघाला विजेतेपद मिळवून देण्याइतका तयार झालेला असतो, तो नेमका त्याच उन्हाळ्यात संघ सोडण्याच्या उंबरठ्यावर असतो. २०२१ पासून ड्राफ्ट जूनऐवजी जुलैत होऊ लागला. त्या वर्षी अंतिम सामना आणि ड्राफ्ट यांच्यात दोन आठवड्यांचेही अंतर नव्हते. बेडनारला सॅन फ्रान्सिस्को जायंट्सने १४ व्या क्रमांकावर उचलले. एसईसीचा वर्षातील सर्वोत्तम खेळाडू ठरलेला आणि .३८३ च्या सरासरीने (दर हजार संधींत ३८३ हिट) फलंदाजी केलेला टॅनर ॲलन मायामी मार्लिन्सकडे गेला, रौडी जॉर्डन न्यूयॉर्क मेट्सकडे. ख्रिश्चन मॅक्लाउड आणि एरिक सेरँटोला हे पिचरही व्यावसायिक झाले. विजयाचा गुलाल झटकण्याआधीच संघाचा कणा निघून गेला होता.

भरपाई करायची तर पैशाची मर्यादा. त्या काळात एका बेसबॉल संघाला फक्त ११.७ शिष्यवृत्त्या वाटता येत. त्या सामान्यतः जास्तीत जास्त २७ जणांत तुकड्या-तुकड्यांनी विभागाव्या लागत. अमेरिकन फुटबॉलच्या संघाला तेव्हा ८५ पूर्ण शिष्यवृत्त्या मिळत हे पाहिले की हा आकडा किती तोकडा होता ते कळते. त्यामुळे राखीव फळी जाड नसे. वरच्या पाच-सहा जणांच्या खाली एकदम कोवळी पोरे लागत. २०२१ मध्ये विद्यापीठ बदलणाऱ्या खेळाडूंना असलेली वर्षभर बाहेर बसण्याची अट निघाली आणि दुसऱ्या विद्यापीठातून तयार खेळाडू आणण्याची सोय झाली. मिसिसिपी स्टेटने तिचा फायदाही घेतला. मर्सर विद्यापीठातून आलेला आर. जे. येगर हा त्यांतला सर्वांत फलदायी ठरला. पण अशी सोय सगळ्यांनाच असते, त्यामुळे त्यातून वरचढपणा मिळत नाही.

वेळापत्रकाचेही एक गणित आहे. फेब्रुवारीच्या मध्यापासून मेच्या उत्तरार्धापर्यंत दर शुक्रवारी, शनिवारी, रविवारी एकाच प्रतिस्पर्ध्याशी तीन सामने होतात. मधल्या मंगळवारी-बुधवारी जवळपासच्या लहान विद्यापीठांशी गाठ. एसईसीत असे दहा आठवडे, तीस सामने. शुक्रवारचा पिचर हा संघाचा हुकमी एक्का. तो सात डाव टाकून गेला की मागच्या पिचरांचे हात ताजे राहतात आणि शनिवार-रविवार सावरले जातात. तो नसला की शुक्रवारीच चार-पाच जण खर्ची पडतात आणि रविवारी दमलेले हात मैदानात उतरतात. क्रिकेटमध्ये आघाडीचा गोलंदाज बसला तर दुसरा चार षटके जास्त टाकतो. इथे उघड्या पडलेल्या एका जागेची किंमत आठवडाभर मोजावी लागते.

हंगाम

प्रशिक्षक ख्रिस लेमोनिस यांनी हा धोका ओळखून लँडन सिम्सची जागा बदलली. २०२१ मध्ये तो सामना संपवणारा पिचर होता: ५६⅓ डावांत १०० स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले फलंदाज), आघाडी राखून संपवलेले १३ सामने. आता त्याला शुक्रवारी पहिल्या चेंडूपासून उतरवायचे ठरले. निर्णय चुकीचा नव्हता. ज्याच्या हातात सर्वांत घातक चेंडू आहे त्याच्याकडून दोन-तीन डावांऐवजी सहा-सात डाव मिळवणे हे कुणालाही सुचावे. संघ हंगामापूर्वीच्या क्रमवारीत देशातल्या आघाडीच्या संघांत गणला जात होता, तो बव्हंशी याच भरवशावर.

पहिला सामना १८ फेब्रुवारीला घरच्या मैदानावर लाँग बीच स्टेटशी झाला. सिम्सने सात डावांत १३ जणांना बाद केले. संघ ३–० असा हरला. फलंदाजांनी एकही धाव काढली नाही. पुढे जे होणार होते त्याचा एक निम्मा भाग त्या संध्याकाळी दिसला, दुसरा दोन आठवड्यांनी. ४ मार्चला न्यू ऑर्लिन्समध्ये टुलेनविरुद्ध चेंडू टाकताना सिम्सच्या उजव्या कोपराने दगा दिला आणि तो मैदानाबाहेर गेला. तपासणीत कोपरातला आतल्या बाजूचा स्नायुबंध फाटल्याचे निष्पन्न झाले. तीन सामने, १५⅔ डाव, २७ स्ट्राइकआउट. इथेच त्याची महाविद्यालयीन कारकीर्द संपली.

या दुखापतीवरचा इलाज म्हणजे ‘टॉमी जॉन’ शस्त्रक्रिया. १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी लॉस एंजेलिस डॉजर्सचा पिचर टॉमी जॉन याच्यावर ती पहिल्यांदा केली. शरीरात दुसरीकडचा कंडरा काढून कोपराच्या हाडांत भोके पाडून ओवायचा, अशी ती पद्धत. पुन्हा पूर्ण ताकदीने चेंडू टाकायला वर्ष ते दीड वर्ष लागते. चेंडूचा वेग वाढत गेला तसे हे ऑपरेशन विशी-बाविशीतल्या मुलांत नेहमीचे झाले आहे. सिम्सला सामन्याच्या सुरुवातीला आणल्यामुळे त्याचा कोपर गेला, असे त्या वेळी काही चाहते म्हणत. त्याला आधार नाही. सामना संपवायला येणाऱ्या पिचरांचेही कोपर असेच जातात. व्यावसायिक संघांनीही त्याकडे तसेच पाहिले: ऑपरेशन झालेले असूनही त्या जुलैत ॲरिझोना डायमंडबॅक्सने त्याला ३४ व्या क्रमांकावर घेतले.

शुक्रवारची जबाबदारी मग प्रेस्टन जॉन्सनवर आली आणि बाकीचे सगळे एकेक पायरी वर सरकले. इथेच गोम होती. शनिवारचा पिचर शुक्रवारी आला, मधल्या डावांचा पिचर रविवारी, आणि शेवटचे डाव सांभाळायला अनुभवी माणूस उरला नाही. धावा होत होत्या. येगरने १८ होमरन मारले, हंटर हाइन्स या पहिल्या वर्षाच्या पोराने १६. यष्टिरक्षणाच्या जागी लोगन टॅनर हा पहिल्या दर्जाचा खेळाडू होता (जुलैत तो सिनसिनाटी रेड्सने निवडला). पण मिळवलेली आघाडी शेवटच्या डावांत हातातून निसटत राहिली.

मे महिना उताराचा ठरला. अखेरच्या आठवड्यात टेनेसी हा त्या वर्षीचा देशातला सर्वांत धडाकेबाज संघ स्टार्कव्हिलला आला आणि पहिल्याच सामन्यात त्याने यजमानांना २७–२ असे धुतले. बेसबॉलमध्ये २७ धावा म्हणजे मैदानावर चेंडू टाकणारा माणूसच उरलेला नाही असे समजावे. टेनेसीने गटात २५ विजय आणि ५ पराभव अशी कामगिरी पूर्ण केली. बुलडॉग्ज गटाच्या पश्चिम विभागात तळाला राहिले.

एक गोष्ट मात्र आटली नाही, ती म्हणजे गर्दी. डुडी नोबल या घरच्या मैदानाच्या डाव्या कुंपणापलीकडे ‘लेफ्ट फील्ड लाउंज’ आहे. १९६० च्या दशकात चाहते तिथे आपले ट्रक उभे करून टपावर बसून सामना पाहात. पुढे त्या ट्रकांवर लाकडी बाके ठोकली गेली, शेगड्या आल्या, आणि डाव्या बाजूला उभ्या असलेल्या पाहुण्या खेळाडूची टिंगल करता करता मांस भाजणे हा शिरस्ता झाला. २०१९ च्या नूतनीकरणात मोडके ट्रक गेले आणि पक्के ओटे आले, धूर तसाच राहिला. जुन्या मंडळींना हे ओटे फारसे रुचलेले नाहीत, आणि त्यांच्याशी सहमत व्हावेसे वाटते. हरत्या संघालाही इथे हजारो माणसे येतात. १५ एप्रिल २०२३ रोजी, म्हणजे लागोपाठच्या दुसऱ्या वाईट हंगामात, ओल मिसविरुद्धच्या सामन्याला १६,४२३ प्रेक्षक होते. विद्यापीठाच्या आवारातल्या मैदानावर महाविद्यालयीन बेसबॉलला इतकी गर्दी त्याआधी कुठेच झाली नव्हती.

शेजारी

या हंगामाची कथा राज्यातल्या दुसऱ्या विद्यापीठाशिवाय अपुरी राहते. ऑक्सफर्ड गावचे मिसिसिपी विद्यापीठ, म्हणजेच ओल मिस, हा स्टार्कव्हिलचा सख्खा वैरी. २०२२ च्या मेच्या सुरुवातीला त्याची गटातील कामगिरी ७ विजय आणि १४ पराभव इतकी दयनीय होती. राष्ट्रीय स्पर्धेच्या ६४ संघांत त्याचा समावेश अगदी शेवटचा म्हणून झाला. मग त्याने स्पर्धेतले ११ पैकी १० सामने जिंकले आणि अंतिम फेरीत ओक्लाहोमाला हरवून चषक उचलला. स्टार्कव्हिलच्या लोकांना चषक गमावल्याचे दुःख जितके झाले, त्याहून तो कुणाकडे गेला याचे जास्त झाले असणार.

पुढच्या वर्षी ओल मिसचे काय झाले? २५ विजय, २९ पराभव. गटात ६ विजय आणि २४ पराभव. त्यांचाही शुक्रवारचा डावखुरा पिचर, हंटर इलियट, हंगामाच्या तोंडालाच कोपराच्या स्नायुबंधाने अडवला आणि अखेर त्याच शस्त्रक्रियेच्या टेबलावर पोचला. एकाच राज्यातले दोन विजेते, लागोपाठच्या दोन वर्षांत, जवळजवळ सारख्याच रीतीने कोसळले.

उलट उदाहरणेही आहेत, पण ती मोजकी. सदर्न कॅलिफोर्नियाने १९७० ते १९७४ अशी सलग पाच विजेतेपदे घेतली. तो काळ वेगळा होता. नंतर स्टॅनफर्ड (१९८७–८८), लुइझियाना स्टेट (१९९६–९७), ओरेगन स्टेट (२००६–०७) आणि साउथ कॅरोलायना (२०१०–११) यांनी विजेतेपद राखले. यातले ओरेगन स्टेटचे प्रकरण मजेशीर आहे: २००७ मध्ये आपल्या गटात ते १० जिंकून १४ हरले होते, तरी राष्ट्रीय स्पर्धेत शिरकाव मिळाला आणि त्यांनी ती जिंकली. साउथ कॅरोलायना २०१२ मध्येही अंतिम फेरीत होती. तिथे ॲरिझोनाने तिला रोखले. त्यानंतरच्या विजेत्यांपैकी कोस्टल कॅरोलायना २०१७ मध्ये ३७ सामने जिंकूनही राष्ट्रीय स्पर्धेला मुकले, आणि ओरेगन स्टेट २०१९ मध्ये घरच्याच मैदानावर लागोपाठ दोन सामने हरून बाद झाले.

पुढे

मिसिसिपी स्टेटचा २०२३ चा हंगामही गटात ९–२१ असाच संपला, त्यामुळे २०२२ ची पडझड केवळ एका कोपराची होती असेही म्हणता येत नाही. पिचर घडवण्याची घडीच विस्कटली होती. २०२४ मध्ये संघ सावरला. दोन्ही हातांनी चेंडू टाकणारा युरांगेलो सेंत्या त्याच्याकडे होता आणि ४० विजयांसह राष्ट्रीय स्पर्धेत पुनरागमन झाले. तिथे व्हर्जिनियाने त्याला बाद केले. एप्रिल २०२५ मध्ये हंगाम चालू असतानाच विद्यापीठाने लेमोनिस यांना पदावरून दूर केले. जूनमध्ये त्यांच्या जागी ब्रायन ओकॉनर आले. हेच ओकॉनर २०२४ ला व्हर्जिनियाचे प्रशिक्षक होते, आणि २०१५ मध्ये त्या विद्यापीठाला त्यांनी राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिले होते.