लायसन्स: मुदतीच्या अलीकडचं वर्ष आणि पलीकडचं वर्ष

"संपलं तरी वर्षभर चालतं." लायसन्सची तारीख उलटलेल्या माणसाला हा दिलासा कुणीतरी देतंच, आणि देणारा अगदीच थापा मारत नसतो. भारताच्या मोटार वाहन कायद्यात एका वर्षाचा उल्लेख खरोखर आहे. फक्त ते वर्ष अर्ज करण्यासाठी आहे, गाडी चालवण्यासाठी नाही.

कायद्याचं कलम १५ नूतनीकरणाचं. मुदत संपायच्या एक वर्ष आधीपासून ते मुदत संपल्यावर एक वर्षापर्यंत अर्ज करता येतो. तारखेच्या अलीकडे बारा महिने, पलीकडे बारा महिने; दोन्ही वर्षांत अर्जाचं सरकारी संकेतस्थळ, म्हणजे सारथी पोर्टल, तेच आणि आरटीओही तेच. घोळ होतो तो इथेच. अलीकडच्या वर्षात खिशातलं लायसन्स चालू असतं. पलीकडच्या वर्षात ते नुसतं कार्ड असतं. त्या कार्डावर गाडी चालवताना अडवलं, तर कायद्याच्या नजरेत तुम्ही विनालायसन्स आहात. कलम १८१ मध्ये त्यासाठी ५,००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही सांगितलं आहे. २०१९ च्या आधी दंडाची कमाल रक्कम ५०० रुपये होती. गाडी दुसऱ्याची असेल तर ती तुमच्या हाती देणारा मालकही कलम १८० खाली अडकतो.

मग हा "चालतं"चा समज आला कुठून? लोकांचा त्यात फारसा दोष नाही. जुन्या कायद्यात खरोखरच सवलत होती: मुदत संपल्यावरही ३० दिवस लायसन्स चालू धरलं जायचं. २०१९ च्या दुरुस्तीने ती ओळच काढून टाकली. त्याच दुरुस्तीने अर्जाची खिडकी मात्र एक वर्षाची केली. जुनी सवलत आणि नवी खिडकी लोकांच्या डोक्यात एकत्र झाली, आणि ३० दिवसांची सवलत वर्षाची झाली असं वाटू लागलं. त्यात कोविडच्या काळात संपलेली लायसन्सं वैध धरण्याची मुदत केंद्राने पुन्हा पुन्हा वाढवली, ती थेट ३१ ऑक्टोबर २०२१ पर्यंत. सरकार शेवटी मुदत वाढवतंच, ही खात्री तेव्हापासून आणखी पक्की झाली असावी.

आता थोडी कमी दिसणारी गोष्ट. पूर्वी ३० दिवसांच्या आत अर्ज केला की नवं लायसन्स जुनं संपलेल्या दिवसापासूनच धरलं जायचं, म्हणजे मध्ये खंड पडत नसे. आता ते नूतनीकरणाच्या दिवसापासून धरतात. समजा मुदत ५ मार्चला संपली आणि नूतनीकरण २० जूनला झालं, तर ६ मार्च ते १९ जून या काळात तुमच्याकडे लायसन्स नव्हतं, आणि नंतर कितीही पैसे भरले तरी ते मागून जोडलं जात नाही. अर्जाची पावती दाखवूनही हा खंड भरत नाही. काही चालक भरतींमध्ये सलग अमुक वर्षं लायसन्स असण्याची अट असते. तिथे हा खंड थेट नोकरीच्या आड येऊ शकतो. आणि या दिवसांत अपघात झालाच तर दंड ही सर्वांत छोटी काळजी ठरते. तुमच्या गाडीच्या दुरुस्तीचा दावा विमा कंपनी नाकारू शकते. जखमी झालेल्या समोरच्याला तिने भरपाई दिली, तरी ती रक्कम गाडीमालकाकडून वसूल करण्याचा मार्ग तिला मोकळा असतो.

पलीकडचं वर्षही संपलं तर? मग वाहन चालवण्याची चाचणी पुन्हा द्यायची. वीस वर्षं गाडी चालवणाऱ्याला ट्रॅकवर आठचा आकडा काढायला लावणं त्याला अपमानास्पद वाटतं खरं, पण इथे अनुभवाला सूट नाही. ही मर्यादा पूर्वी पाच वर्षांची होती.

बऱ्याच जणांचं पहिलं नूतनीकरणच आत्ता येतंय, हेही लक्षात घ्यायला हवं. जुन्या नियमात खासगी वाहनाचं लायसन्स २० वर्षांसाठी किंवा वयाच्या पन्नाशीपर्यंत, यांतलं जे आधी येईल तोवर मिळायचं. बाविसाव्या वर्षी काढलेलं बेचाळिसाव्या वर्षी संपतं, आणि चाळिशी उलटलेली असल्यामुळे आता डॉक्टरांचं प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म १-ए, जोडावं लागतं. पाकिटात वीस वर्षं निवांत पडलेल्या कार्डावरची तारीख कोण कशाला बघेल? बघाल तेव्हा दोन्ही बघा: खासगी वाहनाची वेगळी असते, ट्रान्सपोर्टची (म्हणजे व्यावसायिक वाहनाची) वेगळी, आणि ट्रान्सपोर्टची पाचच वर्षांची.

एवढं वाचून कुणी वर्षभर आधीच अर्ज करायला निघेल, तर त्यालाही जरा थांबवायला हवं. नवी मुदत नूतनीकरणाच्या दिवसापासून मोजली जाते, त्यामुळे पस्तिशीतल्या माणसाने दहा महिने आधी काम उरकलं, तर जुन्या लायसन्सचे ते दहा महिने फुकट जातात. मला विचाराल तर दीड-दोन महिने आधी अर्ज करावा. एखादा कागद परत आला, डॉक्टर सुट्टीवर गेले, पोर्टल बसलं, तरी तारीख उलटायच्या आत काम होतं.