फिल्टर टाकीत गेला, नळ्या बाहेर राहिल्या

पेट्रोल गाडीचा फ्युएल फिल्टर बदलणे हे एके काळी रस्त्याच्या कडेला उरकायचे काम होते. आता नव्या गाडीच्या सर्व्हिस-वेळापत्रकात एअर फिल्टर सापडतो, ऑइल फिल्टर सापडतो, फ्युएल फिल्टरची ओळ मात्र बऱ्याचदा नसतेच. या दोन काळांच्या मधल्या गाड्या, म्हणजे साधारण २००० नंतरच्या दहा-बारा वर्षांतल्या, खऱ्या अडचणीच्या. त्यांतल्या बऱ्याच गाड्यांचा फिल्टर पोटाखाली, मागच्या चाकाजवळ चिखल खात बसलेला असतो आणि त्याच्या नळ्या निघता निघत नाहीत. ई-२० वरून, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवरून, जी ओरड चालू आहे, तिच्यात याच गाड्यांच्या मालकांचा आवाज मोठा आहे.

फार मागे जायची गरज नाही. मोटारीच्या पहिल्या पिढीत पेट्रोल टाकीतून उताराने खाली येई आणि वाटेतल्या छोट्या भांड्यात गाळ बसे, एवढेच गाळणे होते. कॅमशाफ्टवर चालणारा पंप आला तशी त्यात तारेची जाळी आली, काही पंपांवर काचेची वाटी आली. पद्मिनी आणि अँबॅसेडरच्या काळातला आपला फिल्टर म्हणजे पंप आणि कार्ब्युरेटर (हवेत पेट्रोल मिसळणारा भाग) यांच्यामधली नळी कापून तिथे घुसवलेली पारदर्शक प्लास्टिकची कुपी. दाब अगदी किरकोळ, पाव बारच्या आसपास (एक बार म्हणजे साधारण वातावरणाचा दाब). क्लिप नसली तरी नळी घट्ट ढकलून भागत असे. कचरा दिसला की मेस्त्री कुपी काढायचा, उलट बाजूने फुंकायचा आणि परत लावायचा. पेट्रोल तोंडात जायचे, त्याचे कुणाला काही वाटत नसे.

त्या कुपीत दिसणारा कचरा नुसत्या गंजाचा नव्हता. रेशनचे निळे रॉकेल आणि पेट्रोल-डिझेल यांच्या दरातली तफावत एवढी होती की भेसळ हा राज्यभर पसरलेला धंदा झाला होता. त्याची टोकाची घटना मनमाडजवळची. २०११ च्या जानेवारीत भेसळीचा अड्डा पकडायला गेलेल्या अतिरिक्त जिल्हाधिकाऱ्यांना तिथे जिवंत जाळण्यात आले. रॉकेलची भेसळ फिल्टरला कळत नाही, कारण द्रव द्रवात मिसळलेला असतो. पण भेसळीचे डबे, पिंपे आणि टँकर धुतलेले नसतात, आणि त्यांतली घाण मात्र फिल्टरमध्येच येऊन बसते.

चित्र पालटले ते उत्सर्जन मानकांनी, म्हणजे गाडीच्या धुरावर घातलेल्या मर्यादांनी. दिल्ली परिसरात न्यायालयाच्या आदेशाने १९९९ मध्ये युरो-१ आणि २००० मध्ये युरो-२ च्या तोडीची मानके लागू झाली, देशभर पहिला टप्पा २००० मध्ये आला. शिसे असलेले पेट्रोलही त्याच वर्षी बंद झाले. धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट चालायचा तर हवा-पेट्रोलचे प्रमाण क्षणाक्षणाला सांभाळावे लागते, आणि ते कार्ब्युरेटरच्या आवाक्याबाहेरचे होते. मारुती ८०० सुद्धा त्याच सुमारास मल्टिपॉइंट इंजेक्शनमध्ये आली, म्हणजे प्रत्येक सिलिंडरपाशी वेगळ्या इंजेक्टरने पेट्रोल फवारले जाऊ लागले.

गॅरेजवाल्याच्या दृष्टीने इंजेक्शन म्हणजे दाब. पाव बारचे थेट तीन-साडेतीन बार झाले. पंप विजेवर चालणारा झाला आणि टाकीत, पेट्रोलमध्येच बुडून बसला. इंजेक्टरची भोके केसासारखी बारीक, त्यामुळे प्लास्टिकच्या कुपीच्या जागी आत घडीदार कागद असलेला धातूचा डबा आला. त्यावर प्रवाहाच्या दिशेचा बाण. उलटा लावला तर गाडी चालतेही, पण फिल्टर लवकर दाटतो. किती किलोमीटरला बदलायचा हे कंपनीगणिक वेगळे, पण बदलायचा याबद्दल दुमत नव्हते. फुंकून परत लावण्याचा प्रश्नच मिटला.

नळीही बदलली. साध्या नायट्राइल रबराच्या जागी इंजेक्शनसाठीची वेगळी नळी आली: आत फ्लोरो-रबराचा थर, मध्ये धाग्यांचे विणकाम, बाहेर उष्णता सोसणारे रबर. दाब सोसायचा म्हणून ती टोकाला कंगोरा असलेल्या निपलवर (फिल्टरच्या आखूड तोटीवर) चढवून क्लिपने आवळलेली असते. स्क्रू फिरवून आवळायची ही क्लिप १९२१ पासूनची, ब्रिटिश नौदलातल्या एका माजी अधिकाऱ्याने काढलेली. आपल्याकडे ती जुबली क्लिप म्हणूनच मागितली जाते. तर अशा आवळलेल्या अवस्थेत नळी वर्षानुवर्षे उन्हाची आणि सायलेन्सरची धग खाते. रबरातली मऊपणा देणारी द्रव्ये हळूहळू निघून जातात, ते आकसते आणि निपलच्या कंगोऱ्यामागे साच्यात ओतल्यासारखे बसते. त्यात क्लिपचे दात रुतलेले.

अशी नळी सरळ ओढून निघत नाही. ओढल्याने ती लांबते, बारीक होते आणि निपलला आणखी आवळून धरते. जाणते मेस्त्री आधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालू ठेवतात, म्हणजे लाइनमधला दाब उतरतो. मग बॅटरीची निगेटिव्ह काढायची, टाकीचे झाकण सैल करायचे. क्लिप मागे सरकवून पकडीने नळी हलकेच धरायची आणि ओढायच्या ऐवजी जागच्या जागी डावी-उजवी फिरवायची. ‘कट्’ असा बारीक आवाज येतो, तेव्हा चिकटलेला थर सुटलेला असतो. नाहीच सुटली तर कडक झालेली नळी वाचवण्यात अर्थ नाही. ब्लेडने लांबीच्या दिशेने चीर देऊन सालीसारखी सोलून काढायची, पण पाते निपलपर्यंत जाऊ द्यायचे नाही. धातूवर पडलेला ओरखडा डोळ्याला दिसत नाही, तीन बारला मात्र तिथूनच पेट्रोल झिरपते. गरम पाण्यात भिजवलेले फडके उपयोगी पडते. ब्लो-टॉर्च किंवा लायटर पेट्रोलच्या नळीजवळ नेणारी माणसेही गॅरेजांत आहेत, काय म्हणावे.

पुढे रबराच्या जागी नायलॉनच्या नळ्या आणि टिचकीने बसणारे जोड आले. यांचे दुखणे वेगळे. कडीच्या खाचेत धूळ आणि चिखल वाळून घट्ट बसतो, आत ओ-रिंग (गळती रोखणारी रबरी कडी) चिकटते, आणि माणूस कडी दाबून जोर लावतो तेव्हा कडी मोडते. हा जोड आधी पाण्याने किंवा हवेने साफ करून आतल्या बाजूला ढकलावा लागतो. त्याने कडीवरचा ताण जातो. तेव्हा कडी दाबायची आणि मग बाहेर घ्यायचा.

आता मुख्य वादाकडे. फिल्टर टाकीत नेऊन पंपाबरोबर एकाच मॉड्यूलमध्ये बसवायचा आणि बदलायच्या यादीतून काढायचा, हा निर्णय कुणी एका दिवशी जाहीर केला नाही. तो डिझाइनमधून हळूहळू झाला, आणि त्यामागची कारणे खोटी नव्हती. जुन्या इंजेक्शनमध्ये इंजिनाला नको असलेले पेट्रोल दुसऱ्या नळीने टाकीत परत येई. ते गरम होऊन येई, टाकी तापे, वाफ वाढे. उभ्या गाडीतून उडणाऱ्या वाफेवरही मानकांनी मर्यादा घातलेली. परतीची नळी काढून टाकली आणि दाब सांभाळणारा रेग्युलेटर टाकीतच पंपाजवळ बसवला, की हा प्रश्न सुटतो. रेग्युलेटरला स्वच्छ पेट्रोल हवे, म्हणून फिल्टर त्याच्याआधी, म्हणजे टाकीतच आला. शिवाय बाहेरचे जोड कमी झाले की गळतीच्या जागा कमी, आणि कारखान्यात एकच तयार मॉड्यूल टाकीत सोडले की काम झाले.

इथपर्यंत अभियंत्यांचे बरोबर. वाद आहे तो पुढच्या पायरीवर. जागा बदलली म्हणून फिल्टर दाटायचा थांबतो का? कंपन्यांचे म्हणणे असे की आतल्या कागदाचे क्षेत्रफळ वाढवले आहे, पेट्रोल आता स्वच्छ मिळते आणि गाडीच्या अपेक्षित आयुष्यात तो पुरतो. हे अपेक्षित आयुष्य कुणाचे? पहिल्या मालकाचे असेल तर हिशेब जुळतो. आपल्याकडे गाडी दुसऱ्या-तिसऱ्या हाती पंधरा वर्षे चालते, तालुक्याच्या पंपावर पावसाळ्यातही भरते. फिल्टर दाटला की पंपाला जादा जोर लावावा लागतो, मागच्या सीटखालून गुणगुण ऐकू येऊ लागते, घाटात गाडी झटके देते आणि एके दिवशी पंपच जळतो. तेव्हा मालकाच्या हातात येते ते अख्ख्या मॉड्यूलचे बिल. काहीशे रुपयांच्या फिल्टरचे काम काही हजारांवर जाते. काही गाड्यांत मागच्या सीटखाली झाकण असते, काहींत टाकीच उतरवावी लागते. वाफ कमी करण्यासाठी फिल्टर आत नेणे ठीक होते. तो सुटा न विकणे हा निव्वळ व्यापारी निर्णय वाटतो. बाजारात काही मॉडेल्ससाठी नुसता आतला फिल्टर मिळू लागला आहे, यावरून तो सुटा देता येत होता एवढे तरी दिसते.

डिझेल गाड्यांत हा वाद नाही. डिझेलमध्ये पाणी येतेच आणि कॉमन रेलचा (सगळ्या इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या सामायिक नळीचा) दाब हजार-दोन हजार बारचा, म्हणून त्यांचा फिल्टर बाहेरच राहिला, तळाशी पाणी सोडायच्या स्क्रूसकट.

इथेनॉलची, म्हणजे उसाच्या मळीपासून बनणाऱ्या अल्कोहोलची, कथा महाराष्ट्रात लवकर सुरू झाली. २००१ मध्ये पेट्रोलमध्ये ते मिसळण्याचे पहिले प्रयोग मिरज आणि मनमाड इथे झाले (मनमाड पुन्हा, यावेळी चांगल्या कारणाने). उसाच्या पट्ट्यात ते होणे साहजिकच होते. २००३ पासून महाराष्ट्रासह नऊ राज्यांत पाच टक्के मिश्रण ठरले, पण पुरवठा आणि दर यांच्या ओढाताणीत २०१३-१४ पर्यंत देशाची सरासरी दीड टक्क्यांच्या आसपासच होती. मग वेग आला: २०२२ च्या जूनमध्ये दहा टक्के, आणि वीस टक्क्यांचे २०३० चे उद्दिष्ट ओढून २०२५ वर आणले गेले. ई-२० ला टिकणारे साहित्य वापरलेल्या गाड्या मात्र एप्रिल २०२३ पासूनच्या.

ई-२० वरची चर्चा मायलेजवर अडकली. गॅरेजमध्ये दिसते ते वेगळे. इथेनॉल टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षे बसलेला चिकट थर सोडवते आणि तो फिल्टरकडे जातो. ते पाणीही ओढते. पाणी मर्यादेबाहेर गेले की दोन्ही मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाशी बसतात, आणि पंप पेट्रोल उचलतो तो तळातूनच. जुने नायट्राइल रबर इथेनॉलने फुगते, सुकल्यावर आकसून भेगाळते. इंजेक्शनच्या नळीत आत फ्लोरो-रबर असले तरी बाहेरचे रबर धगीने कडक झालेले असते. म्हणून २००५-०८ च्या गाडीचा फिल्टर काढताना नळी अखंड निघाली तरी ती परत चढवण्यात शहाणपण नाही. नवी घेताना जाडी आणि आतला व्यास एवढेच विचारून चालत नाही. बाइकच्या दुकानातली काळी नळी दिसायला तशीच असते, पण ती बहुधा कार्ब्युरेटरच्या दाबाची. इंजेक्शनसाठीची नळी आणि तिचा इथेनॉल सोसणारा आतला थर दुकानदाराकडून वेष्टनावर दाखवून घ्यावा, आणि क्लिपही नवीच लावावी.