लष्करी चॅप्लेन, कॅथलिक (युद्धकाळातील कार्य)

सैन्याबरोबर राहून कॅथलिक सैनिकांना संस्कार देणारा, स्वतः शस्त्र न धरणारा धर्मगुरू म्हणजे कॅथलिक लष्करी चॅप्लेन. सैनिक त्याला ‘पाद्रे’ किंवा नुसते ‘फादर’ म्हणतात. ‘चॅप्लेन’ या शब्दाचे मूळ एका सैनिकाच्याच झग्यात आहे. रोमन सैन्यातील मार्टिन (पुढे तूरचे बिशप, संत मार्टिन) यांनी आपला झगा तलवारीने कापून अर्धा एका भिकाऱ्याला दिला, अशी आख्यायिका आहे. फ्रँक राजे तो झगा पवित्र अवशेष म्हणून मोहिमेवर नेत. त्याची राखण करणारे पाद्री ते ‘काप्पेलानी’. ७४२ च्या सुमारास भरलेल्या जर्मन धर्मसभेने धर्मगुरूंना शस्त्र धरायला बंदी केली, मात्र मिस्सेसाठी (कॅथलिकांच्या मुख्य उपासनेसाठी) व पापनिवेदन ऐकण्यासाठी काहींनी सैन्यासोबत जावे अशी मुभा ठेवली. ही बंदी पुढे कितीदा तरी मोडली गेली. लढणारे बिशप मध्ययुगाला नवे नव्हते.

धीर कोणीही देऊ शकतो. पापक्षमा आणि रुग्णाभ्यंग (आजारी वा मरणासन्न माणसाला पवित्र तेल लावण्याचा संस्कार) मात्र कॅथलिक श्रद्धेनुसार फक्त दीक्षित धर्मगुरूच देऊ शकतो. युद्धात त्याने कुठे असावे, हे यावरूनच ठरते. मरणारा माणूस मागे छावणीपर्यंत पोचेलच असे नाही, म्हणून फादर पुढच्या प्रथमोपचार चौकीवर किंवा थेट खंदकात सापडतो. आयरिश येशूसंघी (जेझुइट) फादर विली डॉयल ऑगस्ट १९१७ मध्ये बेल्जियममधील ईप्रजवळच्या लढाईत असेच मारले गेले. व्हिएतनाममध्ये फादर व्हिन्सेंट कपोडानो ४ सप्टेंबर १९६७ रोजी जखमी मरीन सैनिकांमध्ये वावरताना गोळीबारात पडले.

सामान मोजकेच असते: पेटीत मावणारा प्याला, होस्टीची (प्रसादाच्या पातळ भाकरीची) डबी, क्रूस, आणि एका बाजूने जांभळा, दुसऱ्या बाजूने पांढरा असा गळ्यात घालायचा अरुंद पट्टा. पापक्षमेसाठी जांभळी बाजू वर, ख्रिस्तप्रसाद देताना पांढरी. तेल बोटभर धातूच्या डबीत कापसात मुरवलेले असते, म्हणजे सांडत नाही. एरवी विधी सविस्तर आहे. तातडीत कपाळावर एकदा तेल लावून एक वाक्य म्हटले तरी चालते. माणूस गेला की आहे हे कळत नसेल, तर जुन्या लॅटिन विधीत आधी ‘सी व्हिव्हिस’, म्हणजे ‘तू जिवंत असशील तर’, असे म्हणत. युद्धभूमीवर हे दोन शब्द किती वेळा उच्चारले गेले असतील, याची गणती नाही.

हजार माणसांचे पापनिवेदन एकेकट्याने ऐकायला वेळ नसतो, तेव्हा सामूहिक पापक्षमा दिली जाते. मृत्यू समोर असणे ही तिची एक मुख्य अट. जो वाचेल त्याने आपली गंभीर पापे नंतर रीतसर निवेदन करायची असतात. याचे प्रसिद्ध उदाहरण अमेरिकी यादवी युद्धातील गेटिसबर्गच्या लढाईचे. २ जुलै १८६३ रोजी फादर विल्यम कॉर्बी यांनी एका खडकावर उभे राहून आयरिश ब्रिगेडला पापक्षमा दिली. पुढे त्यांनी लिहिले की ती उत्तर-दक्षिण दोन्ही बाजूंच्या सैनिकांसाठी होती. पण त्याच वेळी, शत्रूला पाठ दाखवणाऱ्याला ख्रिस्ती दफन मिळणार नाही असेही ते म्हणाले, अशी एका सहकारी अधिकाऱ्याची आठवण आहे. दया आणि लष्करी शिस्त एकाच तोंडून निघाली, आणि ही ओढाताण या पदाला कायमची चिकटलेली आहे.

ती आणखी टोकाला गेलेली दिसते मृत्युदंडाच्या वेळी. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याने आपल्याच तीनशेहून अधिक सैनिकांना शिक्षा म्हणून गोळ्या घातल्या. त्यांतल्या कॅथलिकांजवळ शेवटच्या रात्री फादर बसत. दुसऱ्या महायुद्धात जर्मन धर्मगुरू फ्रान्झ श्टॉक व्याप्त पॅरिसच्या तुरुंगांतील फ्रेंच कैद्यांना मॉन व्हॅलेरियाँच्या वधस्थानापर्यंत सोबत करत. पॅसिफिकमधील टिनियन बेटावरून उडून जपानवर अणुबॉम्ब टाकणाऱ्या वैमानिकांचे कॅथलिक चॅप्लेन जॉर्ज झबेल्का यांनी तर त्या वेळी आपण गप्प राहिलो, याबद्दल पुढे जाहीर पश्चात्ताप केला.

कायद्याच्या बाजूने स्थिती बरीच स्पष्ट आहे. १९४९ च्या जिनिव्हा करारांनुसार चॅप्लेन युद्धकैदी ठरत नाही. पकडला गेला तर स्वतःच्या बाजूच्या कैद्यांच्या सेवेपुरतेच त्याला ठेवून घेता येते आणि ती सेवा त्याला करू द्यावी लागते. अमेरिकी सैन्यात त्याला अधिकाऱ्याचा हुद्दा असतो, पण हुकूम देण्याचा अधिकार नसतो. सोबत दिलेला मदतनीस मात्र शस्त्र बाळगू शकतो. चर्चच्या बाजूने, १९८६ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी लष्करी धर्मप्रांतांची (सैनिकांसाठीच्या स्वतंत्र बिशप-क्षेत्रांची) आजची चौकट घालून दिली.

कराराचे शब्द आणि कैदी छावणी यांतले अंतर कोरियात दिसले. जीपच्या बॉनेटवर मिस्सा अर्पण करतानाचे ज्यांचे छायाचित्र प्रसिद्ध आहे, ते कॅन्ससचे फादर एमिल कपाउन नोव्हेंबर १९५० मध्ये उनसान येथे जखमींना सोडून जायला तयार झाले नाहीत आणि पकडले गेले. जखमी सार्जंटवर बंदूक रोखलेल्या शत्रुसैनिकाला बाजूला सारून त्यांनी त्या सार्जंटला उचलून नेले. प्योकतोंगच्या छावणीत ते उपाशी सोबत्यांसाठी धान्य चोरत, आणि चोरीला निघण्यापूर्वी येशूबरोबर क्रूसावर असलेल्या पश्चात्तापी चोराची, संत दिस्मासची, प्रार्थना करत. २३ मे १९५१ रोजी ते तिथेच वारले. हवाईतील लष्करी दफनभूमीत अनोळखी म्हणून पुरलेल्या अवशेषांतून त्यांची ओळख २०२१ मध्ये पटली. आता ते विचिटाच्या कॅथेड्रलमध्ये आहेत.