पार्श्वभूमी : ‘बर्नआउट’चे खापर कोणावर?

मे २०१९च्या शेवटच्या आठवड्यात जगभरच्या माध्यमांत एकच मथळा फिरला: बर्नआउट, म्हणजे कामाच्या ताणाने पार थकून जाणे, आता अधिकृत आजार. आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती नुकतीच मंजूर झाली होती आणि तिच्यात हा शब्द होता. दोन-चार दिवसांत वर्गीकरण करणाऱ्या जागतिक आरोग्य संघटनेलाच खुलासा करावा लागला, की हा आजार नव्हे, ही कामाशी निगडित बाब आहे. शिवाय ती नवीही नव्हती. दहाव्या आवृत्तीतही ती होती, फक्त एका ओळीपुरती. मथळा मात्र डोक्यात बसला तो बसलाच.

हा नुसता शब्दच्छल असता तर सोडून देता आला असता. आजार म्हटले की रजा, विमा, उपचार यांची दारे उघडतात. पण प्रकरण कर्मचाऱ्याच्या फाइलमध्ये जाते आणि त्याचे काम होते तसेच राहते. कामाशी निगडित बाब म्हटले की बोट कामाकडे वळते, पण डॉक्टरला चिठ्ठीवर लिहायला निदान उरत नाही. मग नैराश्य किंवा चिंताविकार असे काहीतरी लिहावे लागते. स्वीडनने २००५ साली अतिथकव्याचे स्वतःचे वेगळे निदान काढले, ते याच अडचणीतून.

या वर्गीकरणातली बर्नआउटची व्याख्या मुळातून वाचली तर खरी गोम दिसते. कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळचा ताण ‘नीट हाताळला गेला नाही’ की तीन गोष्टी होतात, असे ती म्हणते: अंगातले त्राण संपते, कामापासून मन तुटते किंवा त्याबद्दल कडवटपणा येतो, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असे वाटू लागते. घरचा किंवा नात्यांतला ताण यात धरायचा नाही, हेही बजावले आहे. पण हाताळायला कोणी हवा होता? वाक्यात कर्ताच नाही. गेल्या तीस-चाळीस वर्षांतले बहुतेक वाद या गाळलेल्या कर्त्यावरून झाले आहेत.

या वादांआधीचे थोडक्यात. पहिल्या महायुद्धात ब्रिटनच्या दारूगोळा कारखान्यांत तास कमी करूनही उत्पादन घटत नाही, असे आढळले होते. पण तेव्हा चर्चा थकव्याची होती, मनाची नव्हे. अमेरिकेत १९४०च्या दशकात कारखान्यांमधून दारू सोडवण्याचे कार्यक्रम सुरू झाले आणि १९७०नंतर त्यांच्याच विस्तारातून आजच्या समुपदेशन योजना उभ्या राहिल्या. बिघाड माणसात आहे, तो दुरुस्त करून माणूस कामावर परत पाठवायचा, ही त्यांची मूळ कल्पना. ती अजून पुरती सुटलेली नाही. ‘बर्नआउट’ हा शब्द १९७४मध्ये न्यूयॉर्कच्या एका मोफत दवाखान्यातल्या स्वयंसेवकांची दशा पाहून वापरात आला. १९८१मध्ये त्याची २२ विधानांची मोजपट्टी तयार झाली, तीही संशोधनासाठी, निदानासाठी नव्हे.

न्यायालयांनी कर्ता शोधायला सुरुवात केली ती १९९४मध्ये, इंग्लंडमध्ये. बालकांच्या छळाची प्रकरणे सांभाळणारा एक समाजसेवा अधिकारी १९८६ साली मानसिकदृष्ट्या कोलमडला. काही महिन्यांनी तो परतला तेव्हा मदतीला माणूस देऊ, असे ठरले होते. महिन्याभरात ती मदत काढून घेण्यात आली आणि १९८७मध्येच तो पुन्हा कोलमडला. पहिल्या वेळचा दोष मालकाला लागला नाही. दुसऱ्या वेळचा लागला, कारण तेव्हा धोका माहीत होता. पुढे २००२मध्ये अपील न्यायालयाने मालकांना एक पळवाट दिली (माझ्या मते तरी ती पळवाटच): गोपनीय समुपदेशन उपलब्ध असेल तर मालकाने कर्तव्यात कसूर केली असे सहसा मानले जाणार नाही. कंपन्यांनी हेल्पलाइनचे क्रमांक भिंतींवर लावले, त्याला हेही एक कारण. कामाचा बोजाच अतोनात असेल तर समुपदेशनाची ढाल पुरत नाही, हे त्याच न्यायालयाने २००७मध्ये स्पष्ट केले.

जपानमध्ये अतिकामाने मृत्यू हा प्रश्न १९६९पासून नोंदला गेला, पण तो रोखण्याचा कायदा यायला २०१४ उजाडले. डिसेंबर २०१५पासून ५० किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या आस्थापनांना वार्षिक ताणतपासणी सक्तीची झाली. त्यासाठी सहसा ५७ प्रश्नांचा तक्ता वापरतात. उत्तरे कर्मचाऱ्याच्या संमतीशिवाय मालकाला मिळत नाहीत, हे चांगलेच. पण ताण जास्त निघाला तर डॉक्टरची भेट कर्मचाऱ्याने स्वतः मागायची, आणि कोणत्या विभागात ताण साठतो आहे याचे विश्लेषण मात्र ऐच्छिकच ठेवले गेले.

२०२२मध्ये कामाच्या ठिकाणच्या मानसिक आरोग्याविषयी जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचना आल्या. नैराश्य आणि चिंतेपायी दरवर्षी सुमारे १२ अब्ज कामाचे दिवस वाया जातात, हा बहुतेकांना पाठ झालेला आकडा त्याच वेळचा. त्याच सूचनांत कामाचे स्वरूप बदला, व्यवस्थापकांना प्रशिक्षण द्या, असेही होते. ते मात्र फारसे कोणाला पाठ नाही.

‘संपर्क तोडण्याच्या हक्का’तही जबाबदारी कोणाची, हाच पेच आहे. ऑस्ट्रेलियाच्या ऑगस्ट २०२४पासून लागू झालेल्या तरतुदीनुसार कामाची वेळ संपल्यावर आलेला फोन कर्मचारी उचलणार नाही म्हणू शकतो, नकार अवाजवी नसेल तर. वरिष्ठाला फोन करायला बंदी नाही. पोर्तुगालच्या २०२१च्या कायद्यात, अपरिहार्य प्रसंग सोडले तर, विश्रांतीच्या वेळेत फोन न करण्याचे बंधन थेट मालकावर आहे.